हिशोब कोणाला द्यायचा?

आपत्तीत मदत करणाऱ्या आणि विकासकार्य चालवणाऱ्या संस्थांच्या नोकरीच्या जाहिराती गेल्या काही वर्षांत ज्यांनी वाचल्या असतील, त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नसेल. उमेदवाराने गावांत किती वर्षे काढली, त्याला तेथील बोली येते काय, लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे काय, या प्रश्नांच्या बरोबरीने आता आणखी एक प्रश्न विचारला जातो: प्रकल्प-व्यवस्थापनाचे व्यावसायिक प्रमाणपत्र आहे काय? कारखाने, बांधकाम आणि संगणक-उद्योग यांत अशी प्रमाणपत्रे पूर्वीपासून होती. सेवाकार्यासाठी त्यांची स्वतंत्र आवृत्ती २०१० च्या सुमारास निघाली. ‘पीएम फॉर एनजीओज’ या संस्थेने ‘पीएमडी प्रो’ नावाचा अभ्यासक्रम आखला, ब्रिटनमधील ‘एपीएमजी’ ही परीक्षासंस्था त्याची परीक्षा घेऊ लागली, आणि पुढे त्याचे नाव ‘प्रोजेक्ट डीप्रो’ असे झाले. भुकेल्याला धान्य पोहोचवणारा आणि निर्वासिताच्या मुलाला लस टोचवून आणणारा माणूस आता शुल्क भरून वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे देतो आणि ‘व्यावसायिक’ ठरतो.

हा विषय क्षुल्लक आहे, त्यावर पक्षाच्या साप्ताहिकाने जागा का खर्चावी, असे काहींना वाटेल. वस्तुतः तो क्षुल्लक नाही. आपल्या विचारांची कितीतरी तरुण मुले-मुली आज अशाच संस्थांत नोकरी करतात. चळवळीला पूर्णवेळ कार्यकर्ते पोसता येत नाहीत, म्हणून ती तिकडे जातात. तेथे त्यांना जे शिकवले जाते, ज्या शब्दांत विचार करण्याची सवय लावली जाते, तेच उद्या त्यांचे राजकीय शिक्षण होणार आहे. म्हणून या प्रमाणपत्रामागील विचार तपासणे आवश्यक आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सेवाकार्यात अव्यवस्था आहे, हे कोणी नाकारू नये. उत्तम परिचारिका किंवा उत्तम कृषितज्ज्ञ असलेल्या व्यक्तीवर अचानक शंभर माणसांच्या कामाची आणि कोट्यवधी रुपयांच्या खर्चाची जबाबदारी येते. ते कसे सांभाळावे हे तिला कोणी शिकवलेले नसते. पावसाळा संपल्यावर ताडपत्र्या येतात, औषधे मुदत संपल्यावर पोहोचतात, खर्चाची बिले सापडत नाहीत. यात नुकसान होते ते गरिबाचेच. शिवाय या अभ्यासक्रमाचे मार्गदर्शक पुस्तक कोणालाही विनामूल्य वाचता येते. तेव्हा वेळापत्रक करा, जोखीम आधी ओळखा, कोणी काय करायचे ते लिहून ठेवा, असे कोणी सांगत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. नियोजन हा तर समाजवाद्यांचा शब्द. ज्यांनी धनंजयराव गाडगीळांचे लेखन वाचून अर्थशास्त्राचे पहिले धडे गिरवले, ते नियोजनाला नावे ठेवणार नाहीत.

परंतु नियोजन कोणी करायचे, आणि केलेल्या कामाचा हिशोब कोणाला द्यायचा, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात. प्रमाणपत्राच्या पुरस्कर्त्यांनी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे न बोलता देऊन टाकली आहेत.

या तंत्राचा जन्म पाहिला म्हणजे ती उत्तरे कोठून आली ते कळते. कामाच्या पट्ट्या आखलेला जो तक्ता आज प्रत्येक प्रकल्पाच्या भिंतीवर दिसतो तो हेन्री गँट याचा, आणि गँट हा अमेरिकेतील पोलादाच्या कारखान्यांत फ्रेडरिक टेलरचा सहकारी होता. टेलरने १९११ साली आपल्या पुस्तकात सिद्धांतच मांडला की, विचार करण्याचे आणि आखणीचे काम कामगाराच्या हातून काढून व्यवस्थापनाच्या कचेरीत नेले पाहिजे. १९७४ साली हॅरी ब्रेव्हरमनने दाखवून दिले की विसाव्या शतकातील भांडवलशाहीने कामगाराच्या कौशल्याचे अपहरण केले ते याच मार्गाने. पुढे १९५८ साली अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या निर्मितीसाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. शस्त्रासाठी काढलेले तंत्र रुग्णालयासाठी वापरू नये असे मी म्हणत नाही. पण कचेरीत विचार आणि कामाच्या जागी आज्ञापालन ही विभागणी त्या तंत्राच्या हाडीमांशी खिळलेली आहे, हे मात्र विसरता कामा नये.

सेवाकार्यात हे तंत्र आले ते मुख्यतः ‘लॉगफ्रेम’ या तक्त्याच्या रूपाने. तो १९६९ साली अमेरिकन सरकारच्या ‘यूएसएड’ या मदतसंस्थेसाठी लिऑन रोझेनबर्ग या सल्लागाराने तयार केला. पुढे जर्मनीच्या ‘जीटीझेड’ने आणि युरोपातील इतर दात्यांनी तो आपापल्या परीने स्वीकारला. आज देणगीसाठी अर्ज करणाऱ्या लहानात लहान संस्थेलाही तो भरावा लागतो. चार ओळी आणि चार रकाने असा हा कागद. ओळींमध्ये खालून वर कृती, निष्पत्ती, हेतू आणि अंतिम उद्दिष्ट. पहिल्या रकान्यात त्यांचे वर्णन, दुसऱ्यात मोजमापाचे निर्देशक, तिसऱ्यात पुराव्याची साधने, आणि चौथ्या रकान्याचे शीर्षक असते ‘गृहीतके’.

या चौथ्या रकान्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. प्रकल्प यशस्वी होण्यासाठी जे घडणे आवश्यक आहे, पण जे प्रकल्पाच्या आटोक्याबाहेर आहे, ते सारे या रकान्यात लिहायचे असते. समजा, एखाद्या गावात पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प आहे. कृती: विहीर खोदणे. निष्पत्ती: विहीर तयार. हेतू: गावाला स्वच्छ पाणी. आणि गृहीतक: गावातील सर्व लोकांना विहिरीवर पाणी भरता येईल. शेतीसुधारणेचा प्रकल्प असेल तर गृहीतक असते की बाजारभाव स्थिर राहतील. मुलींच्या शिक्षणाचा असेल तर गृहीतक असते की शासन शिक्षकांची पदे भरील. म्हणजे जात, बाजार आणि राज्यसंस्था ही गरिबीची तिन्ही मूळ कारणे एका रकान्यात कोंडून ठेवायची, आणि उरलेल्या तीन रकान्यांत खडी, सिमेंट व मनुष्यदिवस यांचा हिशोब करायचा!

आपल्या परंपरेने नेमके याच्या उलट केले. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी ‘एक गाव, एक पाणवठा’ हा प्रश्न घेऊन महाराष्ट्रातील गावागावांत गेले. त्यांनी विहिरी खोदण्याचा कार्यक्रम घेतला नव्हता. असलेल्या विहिरीवर दलितांना पाणी भरू देता काय, एवढाच त्यांचा सवाल होता. जे गृहीत धरून पुढे जायचे, असे प्रमाणपत्राचे शास्त्र सांगते, त्याच्यावरच त्यांनी बोट ठेवले. समाजवादी कार्यकर्त्याचे सारे काम या चौथ्या रकान्यात असते. तो रकाना ‘आटोक्याबाहेरचा’ म्हणून सोडून देण्याची ज्याला सवय लागली, तो कार्यक्षम होईल, कदाचित सज्जनही राहील, पण समाजपरिवर्तनाचा कार्यकर्ता मात्र राहणार नाही.

असे म्हटले जाईल की, आपत्तीच्या क्षणी समाजपरिवर्तनाच्या गोष्टी कोठे करता? तेथे कार्यक्षमताच हवी. ठीक आहे, कार्यक्षमतेच्या कसोटीवरच पाहू. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरातून इतका पैसा आला की, निधी कमी पडला असे कोणी म्हणू शकत नव्हते. दातासंस्थांनी स्वतःच मिळून केलेले संयुक्त मूल्यमापन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष असा की, बाहेरून आलेल्या संस्थांच्या लोंढ्याने स्थानिक लोकांची स्वतःची क्षमता बाजूला सारली गेली, आणि मदतीची सूत्रे आपत्तिग्रस्तांच्या हाती दिली पाहिजेत. हा धडा शिकल्यावर चारच वर्षांत, जानेवारी २०१० मध्ये, हैतीत भूकंप झाला. तेथील जनता क्रेओल बोलते, राज्यकारभारात फ्रेंच चालते. पण मदतीच्या समन्वयाच्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, आणि बऱ्याचशा इंग्रजीत होत. ज्यांची घरे पडली त्यांना बैठकीत शिरणे कठीण, आणि शिरले तरी भाषा समजणे कठीण. तक्ते तेथे कमी नव्हते. ते ज्यांच्यासाठी होते ती माणसे तेवढी बैठकीबाहेर होती.

२०१६ साली इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत मोठ्या दात्यांनी आणि संस्थांनी करार केला की, २०२० पर्यंत मदतनिधीचा चौथा हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना पोहोचवू. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. त्याचे एक कारण सतत पुढे केले जाते: स्थानिक संस्थांची ‘क्षमता’ कमी आहे. आणि क्षमता म्हणजे काय? दात्याच्या भाषेत, दात्याच्या नमुन्यात, दात्याच्या मुदतीत अहवाल लिहिण्याची क्षमता! प्रमाणपत्राचे खरे कार्य येथे दिसते. ते या क्षमतेचा दाखला देते आणि दुसऱ्या सर्व क्षमता अदृश्य करते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. १९७३ साली मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एखाद्या शिक्षणाने उत्पादनक्षमता तिळमात्र वाढली नाही, तरीही बाजारात त्याला भाव येऊ शकतो. कारण मालक त्या पदवीकडे उमेदवाराच्या गुणाचा संकेत म्हणून पाहतो. अशा संकेताची किंमत ज्याला परवडते तो पुढे जातो. एकाने घेतले की दुसऱ्याला घ्यावे लागते. सर्वांनी घेतले की त्याचा उपयोग संपतो आणि वरच्या पातळीचे नवे प्रमाणपत्र निघते. एकूण कामात भर पडत नाही, पण खर्च मात्र वाढतो, आणि तो खर्च उचलतो श्रमिक. पूर्वी नोकरीवर घेतल्यानंतर शिकवणे हे संस्थेचे कर्तव्य होते. आता शिकून येणे हे उमेदवाराचे कर्तव्य झाले आहे. इंग्रजी माध्यमातील शहरी पदवीधराला ही किंमत सहज पेलते. पंधरा वर्षे पाड्यापाड्यांत फिरून ज्याला प्रत्येक कुटुंबाच्या कर्जाचा आकडा तोंडपाठ आहे, त्या आदिवासी कार्यकर्त्याला ती पेलत नाही. परिणामी तो आयुष्यभर ‘क्षेत्रसहायक’ राहतो, आणि त्याच्याच माहितीवर तक्ता भरणारा त्याचा वरिष्ठ होतो. यालाच ब्रेव्हरमनने विचार आणि श्रम यांची फारकत म्हटले होते.

आपल्या देशात कायदेही याच दिशेने ढकलत आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. हा पैसा कर म्हणून घेऊन लोकनियुक्त सभागृहांच्या हाती देता आला असता. तो कंपन्यांच्याच हाती ठेवला गेला. त्याखालील नियमांनुसार ‘चालू प्रकल्पा’ची मुदत, सुरुवातीचे वर्ष सोडून, तीन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. कुपोषण तीन वर्षांत संपत नाही, वेठबिगारी तीन वर्षांत संपत नाही, पण प्रकल्प संपतो. त्याबरोबर कार्यकर्त्याची नोकरीही संपते, कारण त्याची नेमणूक संस्थेत नसून प्रकल्पात असते. दुसरीकडे २०२० साली परकीय देणगीविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेने परदेशातून मिळालेली देणगी लहान संस्थेकडे वळती करण्यावर बंदी आली. म्हणजे एका हाताने व्यावसायिक व्यवस्थापनाची सक्ती वाढवायची आणि दुसऱ्या हाताने पगाराचा पैसा तोडायचा. या कात्रीत लहान संस्था मरते आणि चकचकीत अहवाल काढणारी मोठी संस्था तगते.

या साऱ्या व्यवस्थेचे खरे स्वरूप २०२५ साली उघडे पडले. २० जानेवारीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका सहीने परदेशी विकासमदत नव्वद दिवस थांबवली. मार्चमध्ये ‘यूएसएड’चे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर झाले, आणि १ जुलैला त्या संस्थेचे मदतकार्य संपुष्टात आले. ज्या संस्थेसाठी लॉगफ्रेम जन्माला आला, तीच संस्था गेली. रद्द झालेल्या प्रकल्पांचे तक्ते चुकीचे भरले होते काय? त्यांच्या व्यवस्थापकांकडे प्रमाणपत्रे नव्हती काय? आफ्रिकेतील दवाखान्यासमोर औषधासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला या निर्णयाचा जाब विचारण्याचे ठिकाणच नव्हते. त्याच्या हातात ना अमेरिकेतील मत होते, ना कायद्याचे एखादे कलम. तो ‘लाभार्थी’ होता, आणि लाभार्थ्याला दात्यापाशी वाद घालता येत नाही.

याच्या शेजारी आपला अनुभव ठेवून पाहावा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामांवर होती. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. तेही मदतकार्यच होते, आणि त्यात अव्यवस्थाही पुष्कळ होती. पण वि. स. पागे यांच्यासारख्यांची कल्पकता आणि शेतमजुरांच्या संघटनांचा रेटा यांतून त्या मदतकार्याचे १९७७ साली कायद्यात रूपांतर झाले. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, आणि त्यासाठी शहरी उत्पन्नावर व्यवसाय कर बसवायचा, अशी ती रचना. दुष्काळी कामावरचा मजूर हक्कदार झाला. तीच कल्पना २००५ साली देशाच्या कायद्यात गेली. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा आणला तेव्हा देशात ठिकठिकाणी निदर्शने झाली. हक्कही हिरावले जातात, हे खरे. पण हिरावणारा कोण हे मजुराला ठाऊक असते, आणि पुढच्या निवडणुकीत तो दारात येतो. प्रकल्प रद्द करणारा गरिबाच्या दारात कधीच येत नाही.

आणखी एक दाखला. ज्या १९६९ साली लॉगफ्रेम तयार झाला, त्याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यानेही नोंदणी आणली, कागद आणला, हजेरी आणि हिशोब आणला. हमालाची नोंद मंडळाकडे झाली. पण त्या कागदाने बांधला गेला तो मालक: मजुरी मंडळात भर, भविष्यनिर्वाहनिधी भर, नुकसानभरपाई दे. आणि मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसले. कागदाला आपला विरोध कधीच नव्हता. कागद कोणाला बांधतो, एवढाच आपला प्रश्न आहे. माथाडीची नोंदणी बलवानाला बांधते. सेवाकार्याचे प्रमाणपत्र दात्याला कशानेही बांधत नाही. ते बांधते कार्यकर्त्याला.

मग शिस्त कोठून येणार? तिचाही धडा घरचाच आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. गावच्या विकासकामांची बिले आणि मस्टर भर सभेत मोठ्याने वाचले गेले. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी लावलेली निघाली, न बांधलेल्या इमारती कागदावर उभ्या असलेल्या सापडल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायकांनी अभियंत्यांचे हिशोब तपासले. त्यांच्यापाशी कोणते प्रमाणपत्र होते? त्या लढ्यातूनच २००५ चा माहितीचा अधिकार आला, आणि त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने सामाजिक लेखापरीक्षणाचे काम ग्रामसभेवर सोपवले. हिशोबाची याहून कडक पद्धत कोणत्याही परीक्षासंस्थेने काढलेली मला ठाऊक नाही. फरक इतकाच की, येथे हिशोब खाली द्यायचा असतो, वर नव्हे.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी काय करावे? ज्यांना नोकरीसाठी प्रमाणपत्र घ्यावे लागते त्यांनी ते खुशाल घ्यावे. पोट सर्वांना आहे, आणि वेळापत्रक व जमाखर्च शिकण्यात कमीपणा नाही. उलट आपल्या शिबिरांतही ते शिकवले जावे, मराठीत आणि विनाशुल्क. पण संस्थांच्या आत काही मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रशिक्षणाचा खर्च संस्थेने उचलावा. स्थानिक कार्यकर्त्याच्या बढतीच्या आड प्रमाणपत्राची अट येऊ नये. नेमणूक प्रकल्पात नको, संस्थेत हवी. आणि प्रकल्पावरील कर्मचाऱ्यांनी आपली संघटना बांधावी. सेवाभावाच्या नावाखाली युनियनला नकार देणाऱ्या संचालकांना श्रमिकांचे कैवारी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. प्रकल्पाचा जमाखर्च दात्याला पाठवण्यापूर्वी गावाच्या भाषेत गावाच्या फळ्यावर लागावा. आणि लॉगफ्रेम भरायचाच असेल, तर त्याचा चौथा रकाना ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. ‘आम्ही असे गृहीत धरले आहे की तुम्हा सर्वांना विहिरीवर पाणी भरता येईल,’ हे वाक्य एकदा भर सभेत वाचले जाऊ द्या. पुढचे काम त्या सभेत आपोआप सुरू होईल.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला फावडे, मतपेटी आणि तुरुंग ही त्रिसूत्री दिली होती. विधायक काम, लोकशाही राजकारण आणि अन्यायाचा प्रतिकार ही तिन्ही अंगे एकाच माणसाच्या आयुष्यात यावीत, असा तिचा अर्थ. नव्या व्यावसायिकतेने त्यातली दोन काढून घेतली आहेत आणि तिसऱ्याला, म्हणजे फावड्याला, प्रमाणपत्र दिले आहे. फावडे चांगले चालवता आलेच पाहिजे. पण ते कोठे चालवायचे, हे ज्याच्या घामावर आणि भुकेवर हा सारा व्यवहार उभा आहे त्यानेच ठरवायचे आहे, आणि हिशोबही त्यालाच द्यायचा आहे.